बॉनेटला भोक पाडले की इंजिन थंड राहते? खान्देशच्या ४५ अंशांतले उत्तर

धुळे-जळगावच्या उन्हात गाडी तापू लागली की कुणीतरी सल्ला देतो, ‘बॉनेटला व्हेंट पाडून घे, मसल कारला असतात तसे.’ हा उपाय खोटा नाही. पण भोक चुकीच्या जागी पडले तर इंजिन थंड होण्याऐवजी जास्त तापू शकते. शिवाय दंड, विमा आणि पावसाळा हे तीन प्रश्न मागे लागतात ते वेगळेच.

मे महिन्यातली दुपार. धुळ्याहून पारोळा, एरंडोलमार्गे जळगावकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३. कडुनिंबाच्या सावलीत बॉनेट वर करून उभी असलेली गाडी आणि शेजारी पाण्याची बाटली घेऊन थांबलेला चालक, हे दृश्य या पट्ट्यात नवे नाही. कुणाच्या गाडीत लग्नाला निघालेले कुटुंब असते, कुणाच्या पिकअपमध्ये रावेर-सावद्याकडची केळी. दोघांचाही खोळंबा सारखाच होतो.

मग गॅरेजमध्ये संवाद घडतो तो साधारण असा : ‘गाडी तपी राहिनी भाऊ, बॉनेटले भोक पाडी दे.’ मोबाइलवर एखाद्या अमेरिकन गाडीचा व्हिडिओ दाखवला जातो. काळे बॉनेट, त्यावर माशाच्या कल्ल्यांसारख्या फटी. डेंटिंगवाल्याकडे ग्राइंडर तयारच असतो. तो सुरू होण्याआधी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

४५ अंशांत रेडिएटरची ताकद किती घटते?

ढोबळ हिशेब असा की, इंजिनात जळणाऱ्या इंधनातल्या ऊर्जेचा सुमारे एक तृतीयांश भाग गाडी ओढायला मिळतो. साधारण तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेली उष्णता बहुतांशी कूलंटमधून रेडिएटरवर येते. इंजिन ३० किलोवॅट, म्हणजे सुमारे ४० हॉर्सपॉवर काम करत असेल, तर रेडिएटरलाही जवळपास ३० किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते. दोन किलोवॅटचे पंधरा गिझर एकाच वेळी चालू ठेवावेत, एवढी ती उष्णता.

रेडिएटर किती उष्णता टाकू शकतो, हे कूलंट आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. कूलंट ९५ अंशांवर आणि हवा २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. हवा ४५ अंशांवर गेली की तो ५० वर येतो. म्हणजे गाडी तीच, रेडिएटर तोच, वेग तोच. पण उष्णता टाकण्याची क्षमता सुमारे २९ टक्क्यांनी घटली. त्यात गरम हवा विरळ असते. २५ अंशांच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे सहा टक्के हलकी भरते. रेडिएटरमधून तेवढेच आकारमान गेले तरी उष्णता वाहून नेणारी हवा कमीच.

मैदानी भागात पारा ४५ अंशांवर गेला की सरासरी न पाहताच हवामान विभागाच्या निकषाने ती उष्णतेची लाट ठरते. जळगाव, भुसावळ, धुळ्यासाठी हा आकडा अनोळखी नाही. हवामान केंद्राचे मोजमाप सावलीतले, जमिनीपासून काही उंचीवरचे असते. रेडिएटर हवा घेतो ती तापलेल्या डांबराच्या वरची. लळिंगचा चढ, पूर्ण भरलेली गाडी आणि चालू एसी यांची त्यात भर पडली की काटा वर जाण्यात नवल नाही.

कूलर आणि बंद खिडकी

आता मूळ प्रश्न. रेडिएटरमधून आत आलेली हवा पुढे जाते कुठे?

खान्देशातल्या कुठल्याही घरात याचे उत्तर मिळेल. खिडकीत कूलर लावला आणि समोरची खिडकी बंद ठेवली, तर थोड्याच वेळात खोली कोंदट होते. कूलर कितीही मोठा असो, आतली हवा बाहेर जायला वाट नसेल तर नवी हवा आत येत नाही. धाब्याच्या घरात चुलीचा धूर जायला छताला भोक ठेवत, त्यामागेही हेच शहाणपण होते.

गाडीत रेडिएटर हा कूलर आणि बॉनेटखालची जागा ही खोली. पुढच्या जाळीतून शिरलेली हवा रेडिएटर ओलांडून गरम होते, इंजिनाभोवती फिरते आणि बहुतेक गाड्यांत खालच्या बाजूने, चेसिसखालून बाहेर पडते. इंजिन मोठे, त्याभोवतीची जागा कमी आणि टर्बो, एसीचे पाइप, वायरिंग यांची दाटी झाली की ही वाट अरुंद होते. हवा कोंडते. बॉनेटवरचे व्हेंट हे कूलरसमोरची खिडकी उघडण्याचे काम करतात. त्यांचे काम हवा आत घेण्याचे नाही, बाहेर सोडण्याचे आहे.

इथेच बहुतेकांची गल्लत होते.

स्कूप वेगळा, व्हेंट वेगळा

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, दोन दारांच्या अमेरिकन गाडीत बसवलेले भलेमोठे आठ सिलिंडरचे इंजिन. या परंपरेची सुरुवात बहुतेक जण १९६४ च्या पॉन्टियाक जीटीओपासून मानतात. तिच्या बॉनेटवर हवा घेणारे दोन स्कूप दिसत. पण ते बंद होते. निव्वळ शोभेचे. आज अॅक्सेसरीच्या दुकानात दोन बाजूंच्या टेपने चिकटवायचा प्लास्टिकचा स्कूप मिळतो, त्याचा हा पूर्वजच म्हणायचा.

पुढे हे स्कूप खरे झाले. १९६९ च्या फोर्ड मस्टँगमधला ‘शेकर’ स्कूप थेट इंजिनाच्या एअर फिल्टरवर बसवलेला असे आणि बॉनेटच्या भोकातून वर डोकावे. इंजिन थरथरले की तोही थरथरे, म्हणून हे नाव. त्याच वर्षीच्या शेवरोले कॅमारोला उंच बॉनेट मिळत होते, ज्याचे तोंड मागे, काचेकडे असे. पण या साऱ्यांचा हेतू एकच : बाहेरची गार हवा इंजिनाच्या श्वासासाठी आत घेणे. दहा अंश गार हवा सुमारे तीन टक्के दाट असते, तेवढा ऑक्सिजन जास्त मिळतो, तेवढी ताकद वाढते. बॉनेटखालची उष्णता बाहेर काढणे हे त्यांचे काम नव्हतेच.

भारतातली ओळखीची उदाहरणेही याच प्रकारची. महिंद्रा स्कॉर्पिओच्या आणि पहिल्या पिढीच्या टोयोटा फॉर्च्युनर डिझेलच्या बॉनेटवरचा स्कूप इंजिनावर आडव्या बसवलेल्या इंटरकूलरला हवा देण्यासाठी होता. टर्बोने दाबून गरम झालेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणे हे इंटरकूलरचे काम. हवा इकडे-तिकडे न पसरता थेट त्यावर पडेल, अशी बॉनेटच्या आतून वाट केलेली असते. नुसते पाहून ‘स्कॉर्पिओला आहे, मग माझ्या गाडीलाही पाडा’ म्हणणे त्यामुळे फसते.

उष्णता बाहेर काढणारे खरे व्हेंट अलीकडच्या मसल कारमध्ये कंपनीकडूनच येऊ लागले. २०१२ च्या कॅमारो झेडएल-१ मध्ये बॉनेटच्या मधोमध हवा बाहेर सोडणारी चौकट होती. २०१३ च्या मस्टँग जीटीला उष्णता काढणाऱ्या फटी होत्या आणि २०१८ च्या जीटीतही त्या दिसतात. भारतात फोर्डने मस्टँग २०१६ मध्ये आणली ती पाच लिटरच्या आठ सिलिंडर इंजिनासह. मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंत बहुधा अशाच गाड्या असतात. त्या फटींची जागा हवेच्या दाबाच्या चाचण्या करून ठरलेली असते. नक्कल करताना फक्त आकार उचलला जातो.

जागा कशी ठरते?

गाडी धावते तेव्हा तिच्या अंगावर हवेचा दाब सगळीकडे सारखा नसतो. नाकावर, म्हणजे जाळी आणि बंपरवर हवा आदळते, तिथे दाब जास्त. हवा बॉनेटच्या पुढच्या कडेवरून वळून वर जाते, तेव्हा कडेच्या लगेच मागे दाब कमी होतो, तिथे ओढ तयार होते. मग हवा बॉनेटवरून सरकत पुढच्या काचेच्या पायथ्याशी येऊन पुन्हा अडते आणि तिथे दाब परत वाढतो.

हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. म्हणून उष्णता बाहेर काढणाऱ्या फटींसाठी सर्वसाधारणपणे योग्य जागा बॉनेटच्या पुढच्या अर्ध्या भागात, रेडिएटर आणि पंख्याच्या मागे असते. फटीचे तोंड मागच्या दिशेला हवे. तिच्या पुढे छोटीशी उभी पट्टी उचललेली असेल तर हवा तिच्यावरून उडी मारते आणि मागे ओढ वाढते.

उलट, तोंड पुढे असलेला स्कूप कापला आणि त्याला आतून कुठेही जोडले नाही, तर तो बॉनेटखाली आणखी हवा कोंबतो. आतला दाब वाढतो आणि रेडिएटरमधून येणाऱ्या हवेलाच अडथळा होतो. खोलीत दुसरा कूलर लावला, पण खिडकी बंदच ठेवली, असा हा प्रकार.

गॅरेजमधली आणखी एक जुनी युक्ती म्हणजे बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर टाकून काचेकडची कड बोटभर उचलणे. सिग्नलवर किंवा घाटात हळू चालताना गरम हवा वर चढते, तेव्हा या फटीतून थोडी उष्णता जाते खरी. पण वेगात हीच जागा जास्त दाबाची असते. बाहेरची हवा फटीतून आत शिरू पाहते आणि रेडिएटरकडून येणाऱ्या प्रवाहाला समोरून भिडते. १९६९ च्या कॅमारोने हवा आत घेण्यासाठी हीच जागा निवडली होती, यातच सारे आले. शिवाय एसीची बाहेरची हवा बहुतेक गाड्यांत काचेच्या पायथ्यापासूनच आत घेतली जाते. तिथून निघणारी गरम, ऑइलचा वास असलेली हवा मग केबिनमध्ये येते. बिजागरीची मूळ बसण बदलल्यामुळे अपघातात बॉनेट कसे वागेल, याचाही भरवसा राहत नाही.

दाबाचा हा खेळ वेगावर अवलंबून असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने नाकावर आदळणाऱ्या हवेचा दाब नळीतल्या पाण्याला सुमारे चार सेंटिमीटर वर ढकलेल एवढा असतो. वेग निम्मा केला की दाब निम्मा नव्हे, एक चतुर्थांश होतो. पाणी जेमतेम एक सेंटिमीटर चढेल. जळगावच्या अजिंठा चौफुलीवर अडकलेल्या गाडीसाठी तो शून्य. तिथे सगळी भिस्त पंख्यावर.

गाडीच्या अंगावरचा दाब मोजायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. लोकरीचे छोटे धागे बॉनेटवर चिकटवून, शेजारून जाणाऱ्या गाडीतून सहप्रवाशाने व्हिडिओ घेतला की हवा कुठे चिकटून वाहते आणि कुठे भोवरा होतो हे दिसते. पारदर्शक नळीत रंगीत पाणी भरून एक टोक बॉनेटच्या वर आणि दुसरे खाली ठेवले की दाबातला फरक कळतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असेल, तीच व्हेंटची जागा. हे प्रयोग मोकळ्या, खासगी जागेत करायचे आणि चालकाने फक्त गाडी चालवायची.

व्हेंट कोणता आजार बरा करतो, कोणता नाही?

‘गाडी तापते’ या दोन शब्दांत दोन वेगळे आजार असतात. पहिला, कूलंटचे तापमान वाढणे, म्हणजे डॅशबोर्डवरचा काटा वर जाणे. दुसरा, बॉनेटखालची हवा तापणे. यात काटा जागेवर असतो. पण वायरिंगचे वेष्टन, रबरी होज, बॅटरी आणि सेन्सर भाजून निघतात आणि इंजिन गरम हवा ओढते.

व्हेंटचा हमखास फायदा दुसऱ्या आजारावर होतो. विशेषतः गाडी बंद केल्यानंतर. इंजिन बंद झाले की कूलंट फिरायचे थांबते, पण लाल झालेला टर्बो आणि एक्झॉस्टची उष्णता तिथेच असते. त्यामुळे बंद गाडीच्या बॉनेटखाली पुढची काही मिनिटे तापमान वाढतच जाते. वर फट असेल तर ही हवा आपोआप निघून जाते. दीपनगरच्या वीज केंद्रातल्या उंच कूलिंग टॉवरमध्ये गरम हवा वर चढते, तत्त्व तेच.

पहिल्या आजारावर व्हेंट तेव्हाच लागू पडतो, जेव्हा मूळ कारण हवा कोंडणे हे असते. रोजच्या वापरातल्या गाडीत कारण बहुधा दुसरेच निघते. कारण ओळखण्याची गॅरेजमधली खूण सोपी आहे : काटा फक्त ट्रॅफिकमध्ये वर जात असेल तर पंखा, त्याचा फ्यूज, रिले आणि मोटर तपासा. फक्त वेगात किंवा घाटात जात असेल तर रेडिएटर आतून-बाहेरून चोंदला आहे का, कूलंट कमी आहे का, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट ठीक आहेत का, ते पाहा.

खान्देशात यातली काही कारणे ठळक आहेत. कापसाचे तंतू, धूळ आणि किडे रेडिएटर व एसी कंडेन्सरच्या बारीक पात्यांत अडकून बसतात. पुढून पाहिले तर रेडिएटर स्वच्छ दिसतो. मळ असतो दोन जाळ्यांच्या मधे. तो इंजिनाच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा लागतो. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

दुसरे कारण पाणी. कूलंट संपले की बोअरचे पाणी ओतले जाते. त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात, अगदी घरच्या गिझरमध्ये बसतात तसे. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे असेल आणि रेडिएटरचे झाकण योग्य दाब धरत असेल, तर मिश्रण सुमारे १२९ अंशांपर्यंत उकळत नाही. कुकरमधले तत्त्व हेच. नुसते पाणी आणि ढिले झाकण असेल तर ते शंभरीलाच उकळते. तापलेल्या गाडीचे झाकण उघडले की अंगावर वाफ का येते, तेही यातूनच कळते. ते कधीच लगेच उघडू नये.

तिसरे कारण हौस. जाळीपुढे लावलेले जादा दिवे, नावाची पाटी, लोखंडी गार्ड हे सगळे हवेच्या तोंडावर बसतात. यातल्या बुल गार्डवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या आहेत.

चौथे, न दिसणारे कारण म्हणजे अपघातानंतर परत न बसवलेले प्लास्टिक. रेडिएटरभोवतीचे फोम, पंख्याचे आवरण आणि इंजिनाखालचे कव्हर ‘कामाचे नाही’ म्हणून काढून टाकले जाते. मग एकदा गरम झालेली हवा बाजूने फिरून पुन्हा रेडिएटरपुढे येते. दोन फूट फोमची पट्टी लावून हे थांबते.

आणि एक नेहमीचा सल्ला : ‘थर्मोस्टॅट काढून टाका.’ त्याने काटा काही काळ खाली राहतो. पण इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लागतो, जास्त इंधन पिते आणि मूळ दोष झाकला जातो.

एक पैसाही न खर्चता करायची चाचणी

बॉनेट कापण्याआधी बॉनेट उघडून पाहा. उघडे बॉनेट म्हणजे शक्य असलेला सर्वांत मोठा व्हेंट.

ओबीडी स्कॅनर लावा आणि कूलंटचे व इंजिनात जाणाऱ्या हवेचे असे दोन आकडे डोळ्यांसमोर ठेवा. दुपारी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून, एसी चालू ठेवून बॉनेट बंद असताना १५ मिनिटे सुरू ठेवा. मग बॉनेट उघडून तेवढाच वेळ. काटा धोक्याच्या खुणेकडे जाऊ लागला तर चाचणी तिथेच थांबवा. इलेक्ट्रिक पंखा कधीही अचानक सुरू होतो, त्यामुळे हात, ओढणी, उपरणे दूर ठेवा.

बॉनेट उघडल्यावर दोन्ही आकडे उतरले तर हवा कोंडत होती, व्हेंटचा उपयोग होऊ शकतो. फक्त आत जाणाऱ्या हवेचा आकडा उतरला आणि कूलंटचा नाही, तर व्हेंटने वायरिंग वाचेल, काटा खाली येणार नाही. काहीच बदलले नाही तर दोष दुसरीकडे आहे. अशा गाडीला व्हेंट पाडणे म्हणजे ताप मेंदूत आणि पट्टी पायाला.

ही चाचणी उभ्या गाडीची आहे. वेगातल्या वागण्यासाठी ठरावीक रस्ता, ठरावीक वेळ आणि तेवढेच वजन ठेवून आधीचे व नंतरचे आकडे लिहून ठेवणे हाच मार्ग.

कापायचेच असेल तर काय बिघडू शकते?

बॉनेट म्हणजे एक पत्रा नाही. वर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ पत्रा आणि खाली कड्यांसारखी चौकट असते. समोरून धडक बसली की बॉनेट मधे दुमडावे, थेट काचेत घुसू नये, यासाठी ती चौकट आखलेली असते. पादचारी आदळला तर बॉनेट थोडे दबले पाहिजे, यासाठी भारतात एआयएस-१०० हे मानक आहे. चौकटीची पट्टी कापली की हे गणित मोडते. कुलपाजवळची मजबुती कमी झाली तर वेगात बॉनेट फडफडते.

दुसरा धोका पाण्याचा. उन्हाळ्यात पाडलेली फट जूनच्या पहिल्या वादळी पावसातही तिथेच असते. खाली अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, फ्यूज बॉक्स किंवा ईसीयू असेल तर पाणी थेट त्यावर. कंपनीच्या व्हेंटखाली पाणी झेलून बाजूला सोडणारी पन्हाळ असते. गॅरेजमधल्या कामात ती बहुधा विसरली जाते.

तिसरा धोका गंजाचा. ग्राइंडरने कापलेल्या कडेवरचे मूळ संरक्षण जळून जाते. कड घासून, प्रायमर आणि रंग देऊन बंद केली नाही तर काही पावसाळ्यांत पत्रा खाऊन जातो. म्हणूनच जाणकार मूळ बॉनेट जपून ठेवतात आणि काम भंगारातून आणलेल्या दुसऱ्या बॉनेटवर करतात. प्रयोग फसला तर चार बोल्ट सोडून गाडी पूर्ववत होते.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. न्यायमूर्ती अरुण मिश्रा आणि विनीत सरन यांच्या खंडपीठाचा तो निकाल. किरकोळ फिटिंग वेगळे आणि गाडीच्या रचनेतला बदल वेगळा, असा त्याचा रोख आहे.

त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

बॉनेटवरची फट आरसी बुकात लिहिलेली नसते, म्हणून ती चालते, असा युक्तिवाद गॅरेजमध्ये ऐकू येतो. पण चौकट कापलेले बॉनेट हा किरकोळ फिटिंग आहे की रचनेतला बदल, हे रस्त्यावर अधिकारी ठरवतो आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर. विमा कंपनीला न कळवलेला बदल दावा अडवायला पुरेसा ठरू शकतो. त्यामुळे एमएच-१८ असो की एमएच-१९, काम करण्याआधी आपल्या परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारणे हाच सुरक्षित रस्ता. गाडी वॉरंटीत असेल तर विषय तिथेच संपवावा.

थोडक्यात, कोणत्या क्रमाने जायचे?

१. कूलंट, झाकण, पंखा, थर्मोस्टॅट तपासा.

२. रेडिएटर आणि कंडेन्सरच्या मधली जागा धुऊन घ्या.

३. जाळीपुढचे दिवे, पाटी, गार्ड काढा. फोम, पंख्याचे आवरण आणि खालचे कव्हर परत बसवा.

४. उघड्या बॉनेटची चाचणी करा, आकडे लिहून ठेवा.

५. तरीही हवा कोंडत असेल तर परिवहन कार्यालय आणि विमा कंपनीला विचारा.

६. होकार मिळाला तर दुसऱ्या बॉनेटवर, चौकट न कापता, पुढच्या अर्ध्या भागात, मागे तोंड करून आणि खाली पन्हाळ देऊन फट काढा.

७. पुन्हा आकडे घ्या. फरक पडला नसेल तर मूळ बॉनेट परत चढवा.

आणि हे सगळे करण्याआधीच भर दुपारी महामार्गावर काटा लाल खुणेकडे सरकला, तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण वेगाने चालू करा. ४५ अंशांत हा सल्ला वेडेपणाचा वाटेल. पण हीटर हा दुसरा छोटा रेडिएटरच असतो आणि तो कूलंटमधली उष्णता ओढून घेतो. काचा खाली करून गाडी सुरक्षित जागी घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि थांबा. तसेच दामटले तर अॅल्युमिनियमचे हेड वाकते, हेड गॅस्केट जाते, ऑइलमध्ये कूलंट मिसळून ते दुधाळ होते आणि इंजिन खोलावे लागते. त्या खर्चापुढे कडुनिंबाखालचा अर्धा तास स्वस्तच पडतो.